खेळणारे हात आणि घडवणारे हात

जळगाव असो की धुळे, सायंकाळी महाविद्यालयाबाहेरच्या कट्ट्यावर किंवा चहाच्या टपरीवर मोबाइल आडवे धरून बसलेली चार-पाच मुले हमखास दृष्टीस पडतात. नजर पडद्यावर खिळलेली, अंगठे काचेवर आणि तोंडी साथीदारांना दिलेल्या सूचना, त्याही निम्म्या हिंदीत आणि निम्म्या अहिराणीत. खेळ बहुधा एकच असतो, 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' अर्थात 'बीजीएमआय'. पालकांच्या लेखी ते व्यसन आहे, प्रशासनाच्या लेखी सुरक्षेचा प्रश्न आणि कंपन्यांच्या लेखी बाजारपेठ. शेजारच्या गुजरातेत २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी या खेळाच्या पूर्वावतारासाठी, 'पबजी'साठी, तरुणांना अटकही केली होती. या साऱ्या वादात एक गोष्ट मात्र नजरेआड राहते. हा खेळ मुळात कोणत्याही कंपनीच्या बैठकीत सुचलेला नाही. दुसऱ्याने बनवलेल्या खेळात एका चाहत्याने हौसेने केलेल्या फेरफारातून तो जन्माला आला आहे.

त्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. 'आर्मा २' हा युद्धाचे वास्तवदर्शी चित्रण करणारा खेळ. न्यूझीलंडच्या डीन हॉल यांनी २०१२ मध्ये त्यात फेरफार करून 'डेझी' हे रूप घडवले. आयर्लंडचे ब्रेंडन ग्रीन हे व्यवसायाने छायाचित्रकार आणि संकेतस्थळांचे रचनाकार. त्यांनी २०१३ मध्ये 'डेझी'त पुन्हा फेरफार केले. 'बॅटल रॉयल' या जपानी चित्रपटाने त्यांना कल्पना दिली होती : सर्वांनी एका बेटावर उतरायचे आणि शेवटी एकानेच उरायचे. पुढे दक्षिण कोरियाच्या ब्लूहोल कंपनीने ग्रीन यांना बोलावून घेतले आणि २०१७ मध्ये 'पबजी' बाजारात आला. २०१८ मध्ये तो मोबाइलवर उतरला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अडवला गेला आणि मे २०२३ अखेरीस पुन्हा सुरू झाला. खान्देशातील मुलांच्या हातातला हा खेळ अशा रीतीने एका चाहत्याच्या हौशी कामाचा नातू ठरतो.

उघडी ठेवलेली दारे

अशा फेरफाराला खेळांच्या जगात 'मॉड' म्हणतात. मूळ खेळाचे यंत्र तेच ठेवायचे, मात्र त्यातील नकाशे, पात्रे, आवाज, शस्त्रे किंवा नियम बदलायचे. ज्या खेळांत खेळाडू पात्राच्याच डोळ्यांनी जग पाहतो आणि पडद्याच्या तळाशी केवळ बंदूक व हात दिसतात, त्या 'फर्स्ट पर्सन शूटर' प्रकारात ही परंपरा सर्वाधिक बहरली. हा योगायोग नव्हता. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' १९९२ मध्ये आला, तेव्हा चाहत्यांनी त्याच्या फाइली उकलून स्वतःचे नकाशे बनवले. कंपनीचे मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यावर संतापले नाहीत. उलट डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'ची रचनाच त्यांनी अशी केली की, खेळाचे यंत्र एका बाजूला आणि नकाशे, चित्रे व आवाज यांची फाइल दुसऱ्या बाजूला राहील. मूळ खेळाला धक्का न लावता कोणालाही त्यात स्वतःचे जग घालता येऊ लागले. १९९४ मध्येच जस्टिन फिशर यांनी 'एलियन्स' चित्रपटाचे विश्व 'डूम'मध्ये उतरवले. डिसेंबर १९९७ मध्ये कारमॅक यांनी 'डूम'चा सोर्स कोड, म्हणजे खेळाची मूळ संहिताच, सर्वांसाठी खुली केली. तीन दशके उलटली तरी 'डूम'चे नवे नकाशे तयार होत आहेत, त्याचे कारण या निर्णयात आहे.

या उघड्या दारांतून पुढची पिढी आत आली. १९९६ मध्ये 'क्वेक' आला आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉघ्ली यांनी त्यावर 'टीम फोर्ट्रेस' हे मॉड बनवले. 'क्वेक'चेच यंत्र परवान्याने घेऊन वॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर १९९८ मध्ये 'हाफ लाइफ' आणला. कॅनडात शिकणारा मिन्ह ली आणि त्याचा अमेरिकी सहकारी जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये 'हाफ लाइफ'वर एक मॉड केले. त्याचे नाव 'काउंटर स्ट्राइक'. २००० च्या दशकात जळगाव-धुळ्यासारख्या शहरांतील सायबर कॅफेंमध्ये तासाच्या दराने संगणक घेऊन, एकमेकांना जोडलेल्या यंत्रांवर जो खेळ खेळला जाई, तो हाच. आज चाळिशीकडे झुकलेल्या पिढीला त्यातील 'डस्ट टू' या नकाशाचे बोळ आपल्या गल्लीइतकेच पाठ असतील. तो काढणाऱ्या ब्रिटनच्या डेव्ह जॉन्स्टन यांनी त्याआधीचा 'डस्ट' हा नकाशा १९९९ मध्ये काढला, तेव्हा ते किशोरवयातच होते.

रखडलेल्या खेळांचा इतिहास

मॉडचा हा इतिहास दुसऱ्या एका इतिहासाला समांतर वाहतो. तो आहे रखडलेल्या, फसलेल्या आणि पुन्हा उभ्या केलेल्या खेळांचा. 'डूम'चे एक जनक जॉन रोमेरो यांनी इड सॉफ्टवेअर सोडून डलास येथे आयन स्टॉर्म ही कंपनी काढली. त्यांचा 'डायकाताना' १९९७ च्या नाताळात यायचा होता. मध्येच 'क्वेक'चे यंत्र सोडून 'क्वेक टू'चे यंत्र घेण्याचा निर्णय झाला, सहकारी सोडून गेले आणि जाहिरातींचा गाजावाजा मात्र चालू राहिला. अखेर मे २००० मध्ये खेळ आला, तेव्हा तो जुनाट वाटत होता. 'ड्यूक न्यूकम फॉरेव्हर'ची कथा याहून दीर्घ आहे. १९९७ मध्ये त्याची घोषणा झाली. थ्रीडी रिअल्म्स या कंपनीने यंत्र बदलले, पुन्हा पुन्हा आरंभ केला आणि २००९ मध्ये खेळ बनवणाऱ्या चमूलाच घरी पाठवले. गिअरबॉक्स कंपनीने तो हाती घेऊन जून २०११ मध्ये, घोषणेनंतर तब्बल १४ वर्षांनी, बाजारात आणला आणि समीक्षकांनी त्याला निकालात काढले.

विलंब हाच दोष मानायचा तर मग 'हाफ लाइफ'चे काय करायचे? तोही १९९७ च्या अखेरीस यायचा होता. खेळ रंगत नाही, हे ध्यानात येताच वॉल्व्हच्या चमूने त्यातील चांगले तेवढे वेगळे काढले, त्यावरून एक नमुन्याचा टप्पा बनवला आणि बाकीचे काम जवळजवळ नव्याने केले. वर्षभराच्या विलंबाने आलेला तो खेळ अभिजात ठरला. 'हाफ लाइफ २' सप्टेंबर २००३ मध्ये यायचा होता. त्या सुमारास त्याची मूळ संहिता कंपनीच्या संगणकांतून चोरीला जाऊन सर्वत्र पसरली. खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि त्यानेही इतिहास घडवला. 'टीम फोर्ट्रेस'च्या जनकांना वॉल्व्हने नोकरी दिली, पण त्यांचा दुसरा भाग २००७ पर्यंत नऊ वर्षे रखडला. त्या रखडलेल्या खेळाची सुरुवातीची प्रसिद्धीचित्रे पाहूनच जॉन्स्टन यांनी 'डस्ट'चा नकाशा काढला होता. मूळ खेळ कंपनीत अडकून पडला होता, तेव्हा त्याची सावली चाहत्याच्या नकाशातून जगभर, आणि खान्देशातही, आधीच पोहोचली होती.

अपयशी खेळांचे पुढे काय झाले, हेही उद्बोधक आहे. 'डायकाताना'तील चुका चाहत्यांनी स्वतः सुधारणा करून बऱ्याच अंशी दूर केल्या. 'ड्यूक न्यूकम फॉरेव्हर'ची २००१ मधील अपूर्ण आवृत्ती २०२२ मध्ये फुटली, तेव्हा चाहत्यांचा एक गट ती पूर्ण करण्यासाठी पुढे सरसावला. सर्वांत बोलके उदाहरण 'ब्लॅक मेसा'चे. 'हाफ लाइफ' नव्या यंत्रावर पुन्हा घडवण्याचे हे काम काही चाहत्यांनी नोकरी-शिक्षण सांभाळून २००४-०५ च्या सुमारास हाती घेतले. पहिली आवृत्ती २०१२ मध्ये विनामूल्य आली. पूर्ण खेळ मार्च २०२० मध्ये आला, तोही वॉल्व्हच्या अनुमतीने विक्रीसाठी. काळ जवळपास तेवढाच, १४-१५ वर्षांचा. एका बाजूला मोठे भांडवल आणि नामवंत कंपनी, दुसऱ्या बाजूला बिनपगारी हौस. खेळ कसा असावा याची स्पष्ट कल्पना मात्र दुसऱ्या बाजूकडे होती. अर्थात, अर्धवट सोडलेल्या मॉडची संख्याही अगणित आहे आणि हौशी श्रमांवर कंपन्यांनी कमावलेला नफा हा वेगळा वादाचा विषय आहे. तरीही निष्कर्ष टळत नाही. खेळ पूर्णत्वास नेण्यासाठी केवळ पैसा आणि वेळ पुरत नाही. त्यासाठी उघडलेली संहिता, हाताशी अवजारे आणि चुका करण्याची मुभा असलेली माणसे लागतात.

मालेगावचा दाखला

ही वृत्ती खान्देशाला परकी नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव लागते. प्रशासकीयदृष्ट्या ते नाशिक जिल्ह्यात असले, तरी त्याचा व्यवहार खान्देशाशी घट्ट बांधलेला आहे. यंत्रमागांच्या या शहरात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या आगेमागे 'मालेगाव के शोले' बनवला. हा चित्रपटातला 'मॉड'च होता. कथेचा सांगाडा तोच होता. पात्रे, विनोद, बोली आणि रस्ते मात्र आपले. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात त्याची निर्मितीकथा आहे. कॅमेरा फिरवण्यासाठी सायकल वापरली गेली, चित्रीकरणाच्या धामधुमीत कॅमेराच पाण्यात पडला आणि सुपरमॅनची भूमिका यंत्रमाग कामगार शफीक शेख यांनी केली. त्यांचे पुढे कर्करोगाने निधन झाले. याच मंडळींवर रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. 'छोटू दादा'चे खान्देशी विनोदी लघुपट यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले, तेही याच मातीतून उगवले.

मालेगावात हे घडू शकले, कारण चित्रपटाचे साधन हाताशी आले होते. व्हिडिओ कॅमेरा भाड्याने मिळत होता, चित्रफीत जोडता-तोडता येत होती आणि दाखवायला पार्लर होते. कल्पना, विनोदबुद्धी आणि चिकाटी शहरात आधीपासूनच होती. अवजार मिळताच ती कामाला लागली. संगणकीय खेळांच्या बाबतीत मात्र खान्देशात नेमके याच्या उलट झाले.

बंद पेटीतला खेळ

सायबर कॅफेतला संगणक उघडा होता. 'काउंटर स्ट्राइक'च्या फोल्डरमध्ये शिरून एखादा जिज्ञासू मुलगा बंदुकीचे चित्र बदलू शके, नकाशा काढण्याचे विनामूल्य साधन उतरवून घेऊ शके. सायबर कॅफे ओस पडले आणि स्वस्त डेटासह मोबाइल घरोघरी पोहोचले, तेव्हा खेळणाऱ्यांची संख्या कैक पटींनी वाढली. पण घडवण्याचे दार बंद झाले. मोबाइलवरचा खेळ मोहोरबंद पेटीसारखा असतो. त्यातील नकाशा बदलता येत नाही, त्याचे नियम दूरच्या सर्व्हरवर ठरतात आणि त्याला हात लावणे हा करारभंग ठरतो.

या बदलाची खूण भाषेतही उमटली आहे. पूर्वी 'मॉड' म्हणजे चाहत्याने घडवलेली नवी वस्तू. आज मोबाइलधारी मुलांच्या तोंडी 'मॉड एपीके' म्हणजे कुलूप तोडलेली प्रत असते. फुकटात नाणी देणारी, भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारी आणि अनेकदा मोबाइलमध्ये घातक प्रोग्राम घुसवणारी. अशा साधनांचा वापर करणाऱ्यांची खाती 'बीजीएमआय'ची चालक कंपनी क्राफ्टन वेळोवेळी बंद करते आणि ते योग्यच आहे. दुःखाची बाब ही की, निर्मितीचा शब्द लबाडीचा शब्द होऊन बसला आणि त्याची खंत वाटावी इतकीही जाण उरली नाही.

कायद्याची रेषाही येथे समजून घ्यायला हवी. अमेरिकेत मायक्रो स्टार या कंपनीने 'ड्यूक न्यूकम थ्रीडी'साठी चाहत्यांनी बनवलेले ३०० नकाशे एका सीडीवर घालून विकले. १९९८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने हा मूळ खेळाच्या हक्कांचा भंग ठरवला. चाहत्यांनी नकाशे बनवून विनामूल्य वाटण्यास मूळ कंपनीची मुभा होती, विक्रीला नव्हती. भारतातही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकीय प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते आणि तिचे रूपांतर करण्याचा हक्क मालकाकडे असतो. एकलव्याने विद्या मिळवली, पण अंगठ्यावर गुरूचा हक्क निघाला, अशी ही स्थिती. म्हणूनच मालकाने स्वतःहून उघडलेल्या संहितेचे मोल मोठे आहे. तेथे अंगठा मागितला जात नाही.

पुण्यापासून खान्देशापर्यंत

देशी खेळ घडवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही, आणि त्यांनाही रखडण्याचा शाप चुकला नाही. 'पबजी'वरील बंदीनंतर दोनच दिवसांत बंगळुरूच्या एनकोर गेम्सने अभिनेता अक्षयकुमार यांच्या साथीने 'फौजी'ची घोषणा केली. ऑक्टोबर २०२० चा वायदा जानेवारी २०२१ वर गेला. प्रजासत्ताकदिनी आलेल्या त्या खेळात बंदुकाही नव्हत्या आणि अनेकांनी मिळून खेळण्याची सोयही नव्हती. देशभक्तीच्या लाटेवर आलेले खेळाडू लवकरच ओसरले. पुण्याच्या सुपरगेमिंगने वेगळा मार्ग धरला. 'मास्कगन' या नेमबाजीच्या खेळाचा अनुभव गाठीशी असूनही 'इंडस' हा खेळ त्यांनी चाचण्यांमागून चाचण्या घेत ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला. त्याचे यशापयश काळ ठरवील. पण खेळ घडवणारी माणसे एका घोषणेने तयार होत नाहीत, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते.

या पार्श्वभूमीवर सरकारी हालचालींकडे पाहावे लागेल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग उद्योगासाठी धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतच्या या धोरणासाठी ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्थाही २०२५ मध्ये सुरू झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि, कायदा खेळणाऱ्यांचा विचार करतो आणि धोरण उद्योगांचा. खेळणारा मुलगा ज्या वयात घडवणारा होऊ शकतो, त्या वयात तो यावल, साक्री किंवा शिरपूरच्या शाळेत असतो. त्याच्यासाठी यात काय आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्याचे उत्तर फार खर्चिक नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांसाठी कार्यरत आहे. जळगाव, बांभोरी, शिरपूर, धुळे येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. एमएस-सीआयटीच्या निमित्ताने गेल्या दोन दशकांत तालुक्या-तालुक्यांत संगणकाचे वर्ग निघाले. यंत्रे आहेत, जागा आहे. उणीव आहे ती संगणकाकडे प्रमाणपत्राचे साधन म्हणून न पाहता घडवण्याचे अवजार म्हणून पाहण्याची. 'डूम'ची संहिता विनामूल्य आहे आणि ती प्रयोगशाळेतल्या जुन्यात जुन्या संगणकावरही चालते. 'गोडो'सारखे खेळ बनवण्याचे साधन आणि 'ब्लेंडर'सारखे त्रिमितीय चित्रांचे साधन, दोन्ही मुक्त आहेत. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ग्रंथालयाच्या हजेरीची तीच ती प्रणाली पुन्हा करण्याऐवजी एखाद्या गटाने लळिंगचा किल्ला किंवा पाटणादेवीचे जंगल नकाशात उतरवले, तर त्यातून प्रोग्रामिंग, भूमिती, चित्रकला आणि सांघिक काम यांचे जे शिक्षण होईल, ते कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा टिकाऊ असेल. पात्रे अहिराणीत बोलली, तर त्यांना श्रोते मिळतील की नाही, याची काळजी यूट्यूबने केव्हाच मिटवली आहे.

पालकांची चिंता यामुळे संपणार नाही. खेळातील हिंसा, वेळेचा अपव्यय, झोपेची हेळसांड हे प्रश्न खरे आहेत. मात्र 'मोबाइल ठेव' एवढे एकच वाक्य त्यांवर पुरेसे ठरलेले नाही, हा सहा-सात वर्षांचा अनुभव आहे. बंदी आली, उठली, पुन्हा आली, पुन्हा उठली. कट्ट्यावरची मुले तेथेच राहिली. एखादा नकाशा स्वतः काढून पाहिलेल्या मुलाला खेळ आतून कसा बांधला आहे, तो आपल्याला कशासाठी धरून ठेवतो, हे कळू लागते. खेळाच्या आहारी जाण्यावर उपदेशापेक्षा ही जाण अधिक परिणामकारक उतारा ठरू शकते.

मिन्ह लीने 'काउंटर स्ट्राइक' घडवला तेव्हा तो विद्यार्थी होता. जॉन्स्टन तर अजून वयातही आला नव्हता. त्यांच्याजवळ भांडवल नव्हते, मोठी पदवीही नव्हती. उघडता येणारा खेळ आणि मोकळा संगणक मात्र होता. यातील पहिली गोष्ट जगाने १९९७ मध्येच खुली करून दिली आहे. दुसरी खान्देशातल्या शेकडो प्रयोगशाळांत आहे. सायंकाळी पाच वाजता तिच्या दाराला कुलूप लागते आणि मुले कट्ट्याकडे वळतात. ते कुलूप आणखी दोन तास उघडे ठेवायला कोणत्याही नव्या धोरणाची आवश्यकता नाही. ती जबाबदारी कोणते महाविद्यालय आधी स्वीकारते, एवढेच पाहायचे आहे.